न आलेल्या तापाचे मोल

गेल्या वर्षी भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडई भरली, तेव्हाची गोष्ट. झाडीपट्टीतला माणूस एक वेळ दिवाळी विसरेल, पण मंडई विसरणार नाही. दिवसा दुकाने आणि दंडार, रात्री नाटक. नाटकाला अजून अवकाश होता. पडद्यामागे पेटी जुळत होती. मी ताडपत्रीवर जागा धरून बसलो होतो, तोच माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील शेजारी येऊन टेकले. पुडीतल्या मूठभर शेंगा त्यांनी माझ्या ओंजळीत घातल्या, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाले,

“गुरुजी, पोरगी एवढी शिकली. पन डाक्टर नाई, नर्स नाई, कंपाउंडर बी नाई. मंग हाये तरी कोन, सांगा जी?”

प्रश्न साधा होता, आणि विचारण्याचा त्यांना पुरा अधिकार होता. पाच-सहा वर्षांपूर्वी ती मुलगी बी.एस्सी. होऊन माझ्याकडे सल्ल्याला आली होती. मी स्वतः मॅट्रिक; पुढे चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत चिकटलो आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहीत राहिलो. अशा माणसाने पदव्युत्तर शिक्षणाविषयी सल्ला देऊ नये हे उघड आहे; पण मास्तरला सल्ला न देणे जमत नाही. सार्वजनिक आरोग्य हे शब्द ऐकून मी हुरळलो. एकेका रोग्याला बरे करण्यापेक्षा गावच्या गाव आजारी पडू न देणे केवढे मोठे, असे काहीसे मी तिला म्हणालो. ती गेली, शिकली, मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ झाली. त्यासाठी तिच्या वडिलांनी दोन बांध्या गहाण टाकल्या. त्या बांध्या अजून सुटलेल्या नाहीत.

तेव्हा त्या रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात कोण होते हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. म्हटले, डॉक्टर माणसाला पाहतो, तुमची मुलगी गावाला पाहते. ताप कुणाला आला, कुठून आला, पाणी कुठले, डास कुठले, हे ती शोधते. ते मान हलवीत राहिले. “मंजे इलाज नाई करत,” ते शेवटी म्हणाले. त्यांच्या मते विषय तिथे संपला होता. त्यांना तरी दोष कसा द्यावा? आपल्या भाषेत ‘सार्वजनिक’ म्हटले की गणपती आठवतो, नाही तर संडास. आरोग्य ही प्रत्येकाने आपापल्या अंगात वागवायची वस्तू. ती सार्वजनिक कशी असेल? गावात पहिल्या वर्षी बायका तिच्याकडे मुले घेऊन येत आणि सुई मागत. सुई मिळत नाही असे कळल्यावर येईनाशा झाल्या.

ह्या पदवीचे पुढे काय होते, हे मी आता चार ठिकाणी विचारून घेतले आहे. जे आधी करायला हवे होते ते मागून केले. कलकत्त्याला ह्या विषयाची अखिल भारतीय संस्था १९३२ पासून आहे. एम.पी.एच. हा आजचा अभ्यासक्रम आपल्या देशात १९९७ साली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत निघाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, गावोगाव कार्यक्रम निघाले, कार्यक्रमांना माणसे लागली, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेपासून वर्ध्याजवळच्या सावंगीपर्यंत ही पदवी मिळू लागली. पदवी मिळण्याची सोय झाली; पदांची तशी झाली नाही. जिल्हा परिषदेचा आरोग्य अधिकारी व्हायचे तर आधी वैद्यकीय पदवी हवी. ती नसलेल्याला उरतात ती कंत्राटी पदे: कुठे कार्यक्रम व्यवस्थापक, कुठे साथरोगांची आकडेमोड करणारा, कुठे सल्लागार, कुठे समन्वयक. नावे भारदस्त, नेमणूक अकरा महिन्यांची. मग एक दिवसाचा खंड, आणि पुन्हा अकरा महिने. सरकारी पंचांगात वर्षाचा बारावा महिना ह्या लोकांसाठी नसतोच. ज्यांना हे पटत नाही ते एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात जातात, आणि तिथला देणगीदार तीन वर्षांनी दुसऱ्या रोगाच्या प्रेमात पडतो. उरलेले नागपूर-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत विम्याचे कागद तपासतात. करोनाच्या दिवसांत ह्या विद्येला एकाएकी भाव आला होता. माणसे धावतपळत नेमली गेली. लाट ओसरली तशी त्यांतली पुष्कळशी माणसेही ओसरली.

तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९ पासून आहे, आणि त्या कामाची माणसे तिथे वेगळी नेमतात, वेगळी वाढवतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सगळ्याच राज्यांनी तसे करावे असे सुचवले. त्याही आधी, १९४६ साली, ज्या समितीने देशाच्या आरोग्याचा सगळा आराखडा मांडला तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे आपल्या नाशिकला जन्मलेले. डॉक्टरने समाजाचा वैद्य व्हावे, रोग होण्याआधीच त्याला अडवावे, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र होते. म्हणजे विचार नवा नाही. कागदावर तो केव्हाचाच मान्य आहे. तरी तो पगारपत्रकावर का उतरत नाही, हा खरा प्रश्न; आणि तो केवळ सरकारच्या नादानपणाचा आहे असे मला वाटत नाही. त्याची एक मुळी तुमच्या-माझ्या मनात आहे.

तिचे काम काय असते ते मी एकदा पाहिले. आमच्या जिल्ह्यात हत्तीरोग जुना. त्याचे जंतू दिवसा फुप्फुसांजवळच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री अंगभरच्या रक्तात उतरतात. म्हणून तपासणीचे रक्त रात्री घ्यावे लागते. जेवणवेळ उलटल्यावर ही मंडळी बॅटरी घेऊन घरोघर हिंडतात. कुत्री भुंकतात, लोक दार उघडत नाहीत, उघडले तर झोपमोड केल्याबद्दल चार शब्द ऐकवतात. वर्षातून एकदा सगळ्या गावाला गोळ्या द्यायच्या असतात, आणि त्या समोर उभे राहून गिळवायच्या असतात. कारण हातात दिल्या तर त्या कोनाड्यात जातात. “मले काय झालं हाये? मी कायले खाऊ?” असे धडधाकट माणूस विचारतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला काहीच झालेले नसते. त्याला काही होऊ नये, आणि त्याच्या रक्तातून डासाने उचलून शेजाऱ्याला काही देऊ नये, म्हणून ती गोळी आहे. शेजाऱ्याच्या न सुजणाऱ्या पायासाठी आपण आज गोळी गिळावी, हे पटायला माणसाजवळ बरीच मोठी कल्पनाशक्ती लागते. कादंबरीकार असून माझ्याजवळ ती नव्हती. पहिल्या वर्षी माझीही गोळी खिशातच राहिली होती.

शाळेत दर वर्षी आरोग्यदिनाला चित्रस्पर्धा असते. मुले हा एवढा मोठा डास काढतात, त्याच्या सोंडेतून रक्त ठिबकत असते, आणि बक्षीस त्यालाच मिळते. ‘आजार झाला नाही’ ह्याचे चित्र काढा, असे मी मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?

माझे आजोबा तलावाची एक गोष्ट सांगत. आमचा हा तलावांचा जिल्हा; कोहळ्यांनी बांधलेले, मालगुजारांनी राखलेले शेकडो तलाव इथे आहेत. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर लक्ष ठेवायला एक माणूस असे. पावसाळ्यात तो पाळीवरून फिरे, खेकड्यांची बिळे बुजवी, कुठे पाझर दिसला तर गावाला हाक मारी. धान निघाले की घरटी ठरलेला वाटा त्याला मिळे. पाळ कधी फुटली नाही. आजोबा म्हणत, गावात त्याच्याइतका निरुद्योगी दिसणारा माणूस दुसरा नव्हता, आणि तरी त्याचा वाटा कोणी कधी अडवला नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि तो माणूस कोणाच्याच हिशेबात राहिला नाही. मालगुजारीचे गोडवे गाण्याची माझी मुळीच इच्छा नाही; त्या पाळी बिगारीच्या घामावर उभ्या होत्या. पण न फुटलेल्या पाळीचा मोबदला द्यावा लागतो, एवढे त्या अडाणी गावाला कळत होते. कशामुळे कळत होते? मला वाटते, पाळ फुटली तर काय होते हे प्रत्येकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहिले होते. भीती ताजी होती.

आरोग्याच्या बाबतीत ही भीती फार लवकर शिळी होते. हिवतापाचेच पहा. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली त्याविरुद्ध मोहीम निघाली, १९५८ साली तिचे निर्मूलनाच्या मोहिमेत रूपांतर झाले. पाठीवर पंप घेतलेली माणसे घरात शिरत, भिंतींवर डीडीटी मारीत, आणि दाराशी तारीख रंगवून जात. बायका त्यांच्या नावाने बोटे मोडीत. सारवलेल्या भिंतीवर पांढरे डाग पडत ना! १९६५ साली रुग्णांची नोंद एक लाखावर आली. हे आपल्या देशातले एक महापराक्रमाचे काम होते, आणि ते करणाऱ्या एकाही माणसाचे नाव आमच्या गावात कोणाला आठवत नाही. मग काय झाले? डासांनी डीडीटी पचवले हे खरे, पैसा आटला हेही खरे. पण रोग गेलाच आहे तर पाळत कशाला, हा विचारही त्यात होताच. १९७६ साली रुग्णांची नोंद चौसष्ट लाखांवर गेली. ज्यांनी काम चोख केले, त्यांनी आपल्या कामाची गरजच लोकांच्या डोळ्यांआड केली. वकिलाने खटले जिंकले तर त्याची वकिली वाढते. ह्यांचे उलटे.

ह्याहून क्रूर उदाहरण हाफकिनचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती टोचली गेली. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या लशीने एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनला कामावरून दूर केले गेले. दोष त्याच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ साली. मी पुष्कळदा विचार करतो: एकोणीस जणांची नावे सांगता येत होती, त्यांची घरे दाखवता येत होती. लशीमुळे जे वाचले, त्यांतला एकही माणूस पुढे येऊन ‘मी वाचलो’ असे म्हणू शकत नव्हता, कारण आपण वाचलो हे त्यालाच ठाऊक नव्हते. जो तरला त्याला पूर आल्याची वार्ताच नाही, तो नावाड्याला काय देणार?

आमच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विभागात आग लागली आणि दहा तान्ही मुले गेली. त्याविषयी मी इथे अधिक लिहिणार नाही; ज्या घरांत ते दुःख आहे त्यांच्याजवळच ते राहू द्यावे. एकच गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. आदल्या दिवशी कोणी हट्टाने ती आग टाळली असती, तर तो माणूस आज आपल्याला एक कटकट्या म्हणून ठाऊक असता. बहुधा तेवढाही ठाऊक नसता.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. आमच्याकडे सिकलसेलचा आजारही आहे. २०२३ च्या जुलैत त्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो. तिच्या तालुक्यातल्या एका गावी एक सोयरीक ठरली होती. सुपारी फुटली होती. तपासणीत मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक निघाली. तिने दोघांना बसवून शांतपणे सगळे सांगितले. लग्न करू नका असे ती म्हणाली नाही. तसे म्हणायचे नसते. लग्नानंतर काय काय तपासण्या करता येतात हेही तिने सांगितले. पण घरच्यांनी एकच ऐकले. सोयरीक मोडली. मुलीची आई आजही तिला रस्त्यात पाहून तोंड फिरवते. मोडलेले लग्न गावाला दिसते. थंडीपावसात सांधे धरून रात्र-रात्र विव्हळणारे जे मूल जन्मलेच नाही, ते कोणाला दिसणार? आणि खरेच, ते मूल म्हणजे कोण? ज्याचे भले झाले असे आपण म्हणतो, तोच अस्तित्वात नाही. तिने हे मला एका संध्याकाळी सांगितले आणि विचारले, “सर, माझं बरोबर होतं ना?” मी म्हटले, होते. पण त्या आईच्या दारात उभा राहून मी तितक्याच ठामपणे बोललो असतो असे वाटत नाही.

शाळेतले माझे एक सहकारी गीतेचे अभ्यासक आहेत. त्यांना मी हे सारे ऐकवले तेव्हा ते प्रसन्न झाले. हेच तर निष्काम कर्म, म्हणाले. फळ दिसत नाही, कौतुक नाही, आणि तरी काम चालू. अशा कामात नोकरीचे भवितव्य, बढती, निवृत्तिवेतन ह्यांची भाषा आणून तुम्ही ते हलके करता. त्यांच्याशी वाद घालणे कठीण असते, कारण ते स्वतः खरोखरच निःस्पृह आहेत. पण निष्काम होण्याचा वसा ज्याने त्याने आपला आपण घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या पगाराचा विषय निघाला की आपण त्याच्यासाठी तो घेतो, ही काही साधना नव्हे. आपल्या राज्यात तरुण शिक्षकांना काही वर्षे मानधनावर राबवायचे ठरले, तेव्हा त्यांना नाव दिले ‘शिक्षणसेवक’. ‘सेवा’ ह्या शब्दाविषयी मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच तो पगाराच्या जागी मांडलेला पाहिला की माझा जीव जळतो.

ह्यावर सहकाऱ्यांनी डॉक्टर अभय आणि राणी बंग ह्यांचे उदाहरण काढले. ते निघणारच होते. गडचिरोली आमच्या शेजारीच आहे. दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हीच सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८४ साली परतले आणि गडचिरोलीत जाऊन राहिले. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, तर बाळे वाचतात हे त्यांनी मोजून दाखवले. तो निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढे देशातल्या आशा कार्यकर्त्यांना ते काम सांगितले गेले. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. परंतु दोघेही त्याआधीच एम.डी. होते. कुठेही गेले असते तरी त्यांना मानाने बोलावणे आले असते; ते नाकारून ते आले, हा त्यांचा मोठेपणा. दोन बांध्या गहाण टाकून शिकलेल्या मुलीजवळ नाकारायला काय आहे? थोरांचे त्याग लहानांच्या तोंडावर फेकून मारण्याची आपल्याला फार दिवसांची सवय आहे.

तथापि त्या उदाहरणात मला एक धागा सापडला. एक शंका मला बरेच दिवस सतावत होती. काम चोख करणारा आणि काहीच न करणारा, दोघांच्याही कागदावर शून्यच येते. साथ आली नाही. ती कोणाच्या कर्तबगारीने आली नाही, की तशीही येणार नव्हती? आळशी माणूस ह्या शून्याच्या आड सुखाने झोपू शकतो, आणि झोपतोही. तसे मी पाहिले आहेत. मग खजिन्याची किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याने अविश्वास दाखवला तर त्याचे सर्वस्वी चुकले का? तो म्हणतो, काम दिसत नाही तर निदान कागद दाखवा. म्हणून रकाने, अहवाल, ठिकाणासह फोटो. ती सांगते की तिचा अर्धा दिवस ह्यातच जातो. पण दोन शून्यांतला फरक सांगण्याचीच तर ही विद्या आहे. आधी किती, नंतर किती, ह्या गावात किती, शेजारच्या गावात किती, हे मोजायचे, आणि जे झाले नाही ते आकड्यांतून डोळ्यांपुढे उभे करायचे. गडचिरोलीत तेच झाले. गावोगावचे बालमृत्यू आधी घरोघर जाऊन मोजले गेले, म्हणून वाचलेली बाळे नंतर दिसली. ज्या एका माणसाला ही मोजदाद शिकवलेली आहे, त्यालाच आपण अकरा महिन्यांपलीकडे एका जागी राहू देत नाही. मागच्या वर्षीचे गाव ठाऊक नसलेला माणूस ह्या वर्षी काय टळले हे कसे सांगेल? पाळीवरचा तो म्हातारा दर पावसाळ्यात बदलला असता, तर कोणते बीळ नवे आणि कोणते जुने हे त्याला कळले असते का?

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरचे कंत्राटी आरोग्य कर्मचारी संपावर गेले. दहा वर्षे सेवा झालेल्यांना कायम पदांवर सामावून घेण्याचा शासननिर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला होता. तो अमलात आणा, ही त्यांची मुख्य मागणी. तिची दहा वर्षे भरायला अजून पुष्कळ अवकाश आहे, पण तीही गेली. उपकेंद्रांतल्या परिचारिका नव्हत्या हे लोकांना जाणवले. तिच्या टेबलाशी मात्र कोणी आले नाही. गिरणीवाला संपावर गेला तर संध्याकाळी चूल अडते. हिने काम थांबवले तर काय अडते ते दोन-तीन पावसाळ्यांनी कळणार, आणि तेव्हाही ते हिच्या न येण्यामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. संप करण्याचीही ताकद नसलेले हे काम आहे, हे मला त्या दिवसांत कळले. त्यानंतर एका कचेरीत तिचे तीन महिन्यांचे मानधन अडकले. वडील सावकाराकडे जाऊन आले.

मग नागपूरहून बोलावणे आले. मोठे खाजगी इस्पितळ, विम्याच्या दाव्यांचा विभाग, पगार जवळजवळ दुप्पट, भविष्यनिर्वाह निधी, नेमणूक कायम. ती पत्र घेऊन घरी आली. वर्षांपूर्वी जिथे बसली होती तिथेच बसली, आणि काही न बोलता पत्र माझ्यापुढे ठेवले. माझ्याजवळ तिला थांबवण्यासारखे पुष्कळ होते. वर जे लिहिले ते सगळेच होते. पण मी थांब म्हटले असते, तर त्या थांबण्याची किंमत मी देणार नव्हतो. ती दिली असती तिच्या बापाने. पहिल्या वेळी मी ह्या गोष्टीचा विचार केला नव्हता. मी म्हटले, जा.

ती थोडी थबकली. माझ्याकडून वेगळ्या उत्तराची तिची अपेक्षा असावी. किंवा तो माझाच भास असेल. तिच्या वडिलांना मी स्वतः जाऊन सांगितले. “तिथं तिले काय मनतीन, गुरुजी?” त्यांनी विचारले. मी म्हटले, ऑफिसर म्हणतील. “चांगलं हाये,” ते म्हणाले, आणि बैलांना चारा टाकायला उठले.

ह्या भाद्रपदात एका रात्री दारावर थाप पडली. साडेनऊ वाजून गेले असतील. बॅटरीचा उजेड, दोन-तीन माणसे, आणि मागे यादी घेतलेली ती. मी बोट पुढे केले. तंत्रज्ञाने सुई टोचली, काचेवर रक्त पसरले. तिने मला माझे पूर्ण नाव आणि वय विचारले, जणू ओळखतच नव्हती, आणि लिहून घेतले. नियमच तसा असावा.

“नागपूरला कधी?” मी विचारले.

“एक तारखेला, सर.”

“आणि ह्याचं काय ते केव्हा कळेल?”

“काही निघालं तर कोणीतरी घरी येईल,” ती म्हणाली. “नाही निघालं तर कोणी येणार नाही.”

ती पुढच्या घराकडे वळली. त्या घरचे कुत्रे भुंकू लागले. आतून कोणीतरी त्रासून विचारले, एवढ्या रात्री कोण आहे म्हणून.